कनवटीची सुपारी

ही गोष्ट सांगायचे मी आयुष्यभर टाळले. टाळण्याच्या तऱ्हा मला चांगल्या जमत. कोणी दादांविषयी विचारले की मी त्यांच्या दिल्लीतल्या भाषणांकडे वळायचो. वहिनींविषयी विचारले की "फार मोठ्या मनाच्या होत्या" एवढे म्हणून चष्मा पुसायला घ्यायचो. चष्मा पुसणाऱ्या म्हाताऱ्याला सहसा कोणी पुढचा प्रश्न विचारत नाही.

गेल्या आठवड्यात दोन तरुण आले. माझ्या मोठ्या भावाचा, म्हणजे दादांचा, गौरवग्रंथ पुन्हा छापायचा म्हणतात. जुनी प्रत सोबत होती. "मास्तर, तुमचा लेख आहे तसाच घेणार आहोत. 'घर सांभाळणारे हात'. ग्रंथात तोच सर्वांत हृद्य आहे." मी त्यांच्याकडे आठ दिवस मागितले. म्हाताऱ्याला शुद्धलेखन तपासायचे असेल, असे समजून ते हसत गेले.

लेख वाईट लिहिलेला नाही, खोटा आहे. आणि नेमका कापूस फुटायच्या दिवसांत तो पुन्हा माझ्या हातात आला.

खिडकीतून शेजारच्या वावराचा एक तुकडा दिसतो. मोताळ्याच्या आसपास आता सोयाबीनच फार. पण तेवढ्या तुकड्यात शेजारी अजून कापसाची पऱ्हाटी लावतो. दिवाळी झाली, सकाळी दव पडू लागले, की बोंडे उकलतात. दुपारच्या उन्हात उकलल्या बोंडाचा एक कोरडा, गोडसर वास येतो. तो पुस्तकात सांगता येत नाही. ज्याने कापसाच्या गंजीवर अंग टाकले आहे त्यालाच तो ओळखता येतो. त्या वासाबरोबर मला दह्याचा वास येतो, ओल्या काळ्या मातीचाही येतो.

दादा देशाचे पुढारी होते. नाव घेत नाही. घेतले तर वाचणारा त्यांच्याकडेच पाहील, आणि हा लेख त्यांचा नाही. जिल्ह्यातून निघालेला माणूस दिल्लीत मोठ्या खुर्चीवर बसला, म्हणून गावाने कमान उभारली होती. त्यांचा हेवा साऱ्या जिल्ह्याला वाटे. तो चारचौघांत, चहा पिता पिता बोलून दाखवता येई. वहिनींचा मत्सर मात्र मला एकट्याला वाटत असे, आणि तो कोणाला सांगण्यासारखा नव्हता. शाळामास्तर असलेला, अमरावतीला शिकून आलेला पुरुष आपल्या चार बुके शिकलेल्या भावजयीवर जळतो, हे सांगायचे तरी कसे?

गोदावरीबाई त्यांचे नाव. दादांचे लग्न झाले तेव्हा त्या तेरा वर्षांच्या होत्या. लग्नानंतर दादा आधी चळवळीत गेले, मग तुरुंगात, मग मुंबईत, मग दिल्लीत. वहिनी गावात राहिल्या. एकदा त्या दोन महिने दिल्लीला राहून आल्या. सरकारी बंगला, पुढे बाग, दाराशी शिपाई. परत आल्यावर बायांनी विचारले, तर म्हणाल्या, "तठी बागीत माळी पानी देते न् आपन खुर्चीत बसून पाहा. मह्या हातात काहीच नाही. जीव घुटमयते." शैला, त्यांची एकुलती एक मुलगी, दादांजवळ दिल्लीला शिकत राहिली. वहिनी वावराजवळ राहिल्या.

आमच्या ओसरीवर माझी एक वेताची खुर्ची होती. शाळा सुटल्यावर मी तिच्यावर बसायचो. लोक यायचे, ओसरीवर नजर फिरवायचे आणि मला विचारायचे, "बाई आहेत का?" मी बसलेली खुर्ची त्यांना रिकामीच दिसे. मी गड्याला काम सांगितले की तो "हाव मास्तर" म्हणायचा आणि आत वहिनींकडे पाहायचा. त्यांनी मान हलवली की उठायचा. दादांचे पत्र आले की वहिनींना चार ओळी असत, मला एक: "शेतीचे वहिनींना विचारून कर." त्या एका ओळीच्या पत्रांचा गठ्ठा मी जपून ठेवला होता. प्रेमाने नव्हे.

कोणी यात दुसराच अर्थ काढील, म्हणून तेही लिहून टाकतो. मी स्वतःला त्याही बाजूने तपासले आहे. मला वहिनी नको होत्या. मला त्यांची जागा हवी होती.

त्या जागेचे सगळ्यात उघडे रूप म्हणजे सीतादही. आमच्या भागात कापसाची पहिली वेचणी पूजा केल्याशिवाय सुरू होत नाही. शेताचे मालक-मालकीण जोडीने पऱ्हाटीजवळ पाटावर बसतात. बुंध्याशी सात खडे मांडायचे, त्यांना हळदकुंकू लावायचे, उकललेल्या बोंडातला कापूस ओढून त्याचा धागा पाच झाडांना गुंडाळायचा, दही शिंपडायचे आणि वेचणाऱ्या बायांना दहीभात वाढायचा. मग कापूस घ्यायला कमरेला ओट्या बांधून बाया पऱ्हाटीच्या ओळींत, तासात, शिरतात. ही पूजा जोडीनेच करायची असते. पाटावर बाईशेजारी बसतो तो तिचा नवरा. दुसरा कोणी बसत नाही.

वहिनींचा नवरा तर तुरुंगात. पहिल्याच वर्षी हा प्रश्न आला. गावातल्या एका म्हाताऱ्याने सुचवले, पूजा भाऊबंदांतल्या एखाद्या जोडीकडून करून घ्या. वहिनींनी कीर्तनात कधीतरी ऐकले होते की यजमानाची बायको जवळ नसेल तर तो कमरेला सुपारी खोचून पूजेला बसतो. त्या म्हणाल्या, "बायकोच्या जागी सुपारी चालते, तं नवऱ्याच्या जागी काऊन नाही चालत?" वहिनींनी लुगड्याच्या कनवटीला सुपारी खोचली आणि एकट्या पाटावर बसल्या. दरवर्षी तीच सुपारी. पूजा झाली की धुऊन, पुसून डब्यात.

वेचणाऱ्या बायांची म्होरकी पारबता होती. तिची जीभ कोणाला सोडत नसे. दरवर्षी ती मुद्दाम ओरडायची, "बाई, नवरा नीट खोसला का? पडन बरं वावरात!"

वहिनी हळदीची बोटे पुसत म्हणायच्या, "पडला तं उगवन, बाप्पा! दिल्लीत तरी कुठी उगवून राह्यला?"

बाया हसून लोळायच्या. मी बांधावर छत्री घेऊन उभा असायचो. मलाही हसू यायचे. पण माझ्या मनात येई, घरात धडधाकट पुरुष उभा आहे आणि मान एका सुपारीला आहे. एका सुकलेल्या फळावर जळण्याची पाळी किती जणांवर आली असेल!

महाराष्ट्र नवा झाला होता. सगळीकडे सत्कार, मानपत्रे आणि ग्रंथ यांची हवा होती. दादांच्या गौरवग्रंथासाठी पुण्याचे एक लेखक मलकापूर स्टेशनावर उतरून, मोटारीने मोताळ्यापर्यंत आणि पुढे आमच्या बैलबंडीतून घरी आले. स्वच्छ धोतर, हातात वही, बोलणे मृदू. त्यांना दादांच्या घरच्या आठवणी हव्या होत्या. मी नवा सदरा घालून तयार होतो. पण पाहुणे वहिनींसमोर जाऊन बसले.

वहिनी ओसरीवर कापसातला काडीकचरा निवडत होत्या. हात न थांबवता बोलत राहिल्या. बेचाळीस साली दादांना धरून नेल्यावर शेती कोणी पाहिली, असे पाहुण्यांनी विचारले.

"कोन पाहीन? मीच पाह्यली. दोन वखर, चार बैलं, न् मी. कापसाची बंडी घेऊन मलकापूरले मीच जात जाओ. पहिल्या खेपेले तठचा अडत्या म्हने, बाई, मानूस कुठी हाये? म्या म्हनलं, मानूस जेलात हाये, कापूस इथी हाये. तुले काय घ्याचं हाये?"

पाहुण्यांना हे कळायला एक क्षण लागला. मग ते पोट धरून हसले.

त्यांनी पोलिसांच्या झडतीविषयी विचारले. वहिनी म्हणाल्या, "पत्रकाचा गठ्ठा होता घरात, कापसाच्या गंजीत. फौजदार आला. म्या म्हनलं, साहेब, जोडे काढा. नवा कापूस हाये, आजच सीतादही झाली त्याची. त्याले चामडं नाही लागू देत. थो बी कापसाच्याच मुलखातला. आईची आठवन झाली असन त्याले. बसला पायरीवर. पायाच्या पट्ट्या सोडता सोडता दुसऱ्या पायापर्यंत आला, तवरिक पारबतानं गठ्ठा ओटीत बांधला न् मागच्या दारानं वावरात. फौजदार उघड्या पायानं सारं घर हिंडला. जाताना म्या त्याले दहीभात देल्ला."

"खाल्ला?"

"खाल्ला की! कापसाच्या घरचा दहीभात कोन नाही म्हनते?"

मग सुपारीची गोष्ट निघाली. पाहुण्यांनी लिहायचे थांबवून वहिनींकडे पाहिले. तसे माझ्याकडे आजवर कोणीही पाहिले नव्हते, दादांनी नाही, विद्यार्थ्यांनी नाही, माझ्या बायकोनेही नाही. मग आठवण झाल्यासारखे माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "आणि आपण त्या वेळी?"

"मी अमरावतीला शिकत होतो."

"हं," म्हणून त्यांनी पान उलटले.

हेही खरे सांगायला हवे की अमरावतीला मी शिकत होतो ते त्याच बंडीतल्या कापसावर. पाहुण्यांच्या त्या 'हं'मध्ये माझी सगळी वर्षे मावली. आजही कापसाचा वास आला की मला आधी तो हुंकार ऐकू येतो, मग बाकीचे आठवते.

निघताना पाहुणे मला म्हणाले, "बाईंचे बोलणे फार गोड आहे, पण आमच्या वाचकांना ते अवघड जाईल. मलाही निम्मेच कळले. आपण मास्तर आहात. हे सगळे चांगल्या मराठीत लिहून पाठवा, आपल्याच नावाने छापू." वही त्यांनी माझ्याजवळ दिली.

मी वर्गात, मुलांना गणिते घालून, तीन दुपारी तो लेख लिहिला. पहिल्या दुपारी मी वहिनींच्या शेजारी उभा राहिलो: बंडीवर त्या, पुढे कासरा धरून मी. दुसऱ्या दुपारी त्यांना दाराआड नेले. फौजदाराला पायरीवर अडवले ते मी, वॉरंट कुठे आहे असे ठणकावून विचारून. ज्या दिवशी ही झडती झाली त्या दिवशी मी अमरावतीच्या बोर्डिंगात झोपलो होतो. माझ्या लेखातल्या वहिनी आत देवापुढे दिवा लावून बसल्या होत्या. तिसऱ्या दुपारी सुपारी आली. तिथे माझी लेखणी थोडी थांबली. मग मी लिहिले: "दादांच्या गैरहजेरीत धाकट्या भावाने दरवर्षी त्यांच्या जागी पाटावर बसून सीतादहीचा मान राखला."

ते वाक्य मला इतके आवडले की मी ते दोनदा मोठ्याने वाचले. मुले गणित सोडून माझ्याकडे पाहू लागली.

पुण्याच्या वाचकाला त्यात काही वावगे दिसले नसते. धाकटा भाऊ, कर्तव्य, मान. आपल्या गावात ते वाक्य कसे वाचले जाईल, हे त्या मातीत वाढलेल्या माझ्या ध्यानात येऊ नये? मत्सराला फार लांबचे दिसते. मला पुणे दिसत होते, दिल्ली दिसत होती. घरापुढचा पार दिसला नाही.

ग्रंथ पुढल्या वर्षी, पुन्हा कापूस फुटायच्या वेळीच आला. मारुतीच्या पारावर संध्याकाळी एकाने माझा लेख मोठ्याने वाचायला घेतला. मी तिथेच होतो. झडतीच्या ठिकाणी दोघे-तिघे एकमेकांकडे पाहू लागले. मग ते वाक्य आले.

"थांब बे. पुन्हा वाच."

त्याने पुन्हा वाचले.

"कोन बसे म्हनते गोदाबाईच्या बाजूले? मास्तर? जोडीनं?"

"आमाले तं सुपारी दिसे, लेका."

"सुपारीच मोठी झाली असन, बाप्पा!"

सारा पार हसला. त्या हसण्यात माझ्याविषयी वाईट काही नव्हते. पुरुषाविषयी तसे हसतात तेव्हा त्यात थोडे कौतुकच असते. जे काही होते ते सगळे घरात कापूस निवडत बसलेल्या बाईच्या वाट्याला गेले. मी उठून "हे खोटे आहे, मी कधी तिथे बसलो नाही" एवढे म्हणालो असतो तर तिथल्या तिथे मिटले असते. मी हसलो. त्यांच्यात मिसळून हसलो. घरी जाताना छातीत एक लाजिरवाणी ऊब होती, अखेर आपल्यालाही कोणी त्या पाटावर पाहिले याची. दुसऱ्या दिवशी ती ऊब गेली, पण ती आली होती हे मी विसरलो नाही.

वहिनींना तो लेख माझ्या बायकोने, कमलने, वाचून दाखवला. पुढे तिनेच मला सांगितले. फौजदार आला तिथे वहिनींचे निवडणारे हात थांबले. म्हणाल्या, "वाच पुढं." पाटाच्या वाक्यावर कमल स्वतःच थांबली. तोवर पारावरचे हसणे विहिरीवर पोचले होते आणि विहिरीवरून आमच्या चुलीपर्यंत.

संध्याकाळी त्या माझ्या खुर्चीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी, सुपारी कुठी गेली?"

"कोणती?"

"मह्या कनवटीची. पुस्तकात नाही ते."

मी म्हणालो, "छापताना राहिली असेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. माझ्या लक्षात आले की इतकी वर्षे ज्या खुर्चीत लोकांना मी दिसत नव्हतो, त्या खुर्चीत वहिनींना मी दिसत होतो, पहिल्यापासून.

"हाव," त्या म्हणाल्या. "मोठं पुस्तक हाये. राह्यलं असन." आणि जाता जाता, "यंदा सीतादहीले मी येत नाही. तुम्ही न् कमल बसा. जोडीनं."

मला हवी होती ती जागा मला मिळाली. मी पाटावर बसलो, शेजारी कमल. पारबताने काही ओरडून विचारले नाही. बायांनी खाली मान घालून दहीभात घेतला. पारबताने आपला वाटा पानात गुंडाळून बाजूला ठेवला, तो खाल्ला नाही. दही शिंपडलेल्या मातीचा गारवा पाटाखालून चढत होता. त्या दिवशी बाया गाणे न म्हणता वेचत राहिल्या. एवढा मुका कापूस मी पुन्हा कधी पाहिला नाही.

दादा त्या हिवाळ्यात एक दिवस येऊन गेले. ग्रंथ चाळत म्हणाले, "छान लिहिलंस रे." झडती कशी झाली, बंडी कोणी नेली, याची त्यांना कल्पना असावी, पण सत्काराच्या घाईत माणूस असले तपासत नाही. सुपारीचे मात्र त्यांना ठाऊकच नव्हते. वहिनींनी त्यांना ते कधी सांगितले नव्हते. हे कळले तेव्हाही मला क्षणभर बरे वाटले: दादांना ठाऊक नसलेले काहीतरी मला ठाऊक आहे! माणूस किती खाली उतरू शकतो, हे मी दुसऱ्या कोणाकडून शिकलो नाही.

तो हंगाम धरून दादा सहा हंगाम जगले. सहाही वर्षे वहिनी वावरात यायच्या, वेचणीवर असायच्या, सरकीची निवड करायच्या, अडत्याशी भांडायच्या. फक्त सीतादहीच्या दिवशी घरी राहायच्या. सुपारी खोचायला नवरा जिवंत असावा लागतो. दादा गेले आणि तो प्रश्नच संपला. म्हणजे वहिनींच्या सवाष्णपणातल्या शेवटच्या सहा सीतादही मी नेल्या. दिल्लीने त्यांचा नवरा नेला होता. त्याच्या बदली त्यांनी स्वतः शोधून काढलेली वस्तू मी नेली.

माफी मागायचे मी पुष्कळदा ठरवले. एकदा बंडीत त्यांच्या शेजारी बसून नळगंगा नदीपर्यंत गेलो आणि पावसावर बोलून परत आलो. शेवटच्या आजारात त्या ओसरीवर खाटेवर असायच्या. कापसाचेच दिवस होते. एका दुपारी जवळ कोणी नव्हते. मी वाक्य पाठ करून गेलो होतो: "वहिनी, माझ्या हातून आपल्यावर मोठा अन्याय घडलेला आहे." तोंडातून निघाले तेव्हा ते शाळेच्या संमेलनातल्या आभारासारखे वाटले. जन्मभर मी त्यांच्याशी पुस्तकातले मराठी बोललो होतो. आपण त्यांच्यापेक्षा वरचे आहोत हे दाखवायला माझ्याजवळ दुसरे होतेच काय?

"काय म्हनून राह्यले, भाऊजी?"

"काही नाही. पाणी देऊ?"

"द्या."

मी पाणी दिले. चार दिवसांनी त्या गेल्या. त्यांच्या पेटीत कमलला एक पुडी सापडली. सरकीसकट कापूस, आणि त्याच्या आत ती सुपारी, पुसून पुसून गुळगुळीत झालेली.

ती आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे. तरुण मंडळी सोमवारी येतील. त्यांना जुना लेख परत देईन आणि हा देईन. दोन्ही छापा म्हणेन, म्हणजे कोण कोणाच्या जागी बसले होते ते वाचणाऱ्याला दिसेल. शेजारच्या वावरात आज पहिली वेचणी आहे. सकाळी मी काठी टेकत बांधापर्यंत गेलो होतो. वेचणाऱ्या बाया मला ओळखत नाहीत. तिथे उभा राहून, पोरपणी सोडून दिलेल्या बोलीत, मी ते पुटपुटून पाहिले. खाटेजवळ बसलो होतो तेव्हा एवढेच म्हणायचे होते:

"वयनी, सुपारी छापताना राह्यली नव्हती. म्या काढली होती. मले माफ करा."